ट्रंकेच्या तळचा चंद्र

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या कार्यवाह बाईंनी मला विचारले, "यंदा कशावर बोलणार?" मी म्हटले, "वर्तमानपत्रावर." त्यांचा चेहरा एकदम उतरला. आता ही बाई महागाईवर घसरणार आणि चहा थंड होणार, असे त्यांच्या मनात आले असावे. मी लगेच म्हटले, "आजच्या नव्हे हो, पन्नास वर्षांहून जुन्या." तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. जुन्या बातमीला कोणी भीत नाही. ती दात काढलेल्या सापासारखी असते, पोरांनीसुद्धा हातात घ्यावी.

तर झाले असे की, गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची सासूबाईंची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत त्यांचे जरीचे लुगडे, एक शाल, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि तळाला अंथरलेले वर्तमानपत्र. लुगडे बाजूला ठेवले आणि मी मेली ते पत्रच वाचत बसले. सूनबाई दोनदा डोकावून गेली. "आई, माळा आवरायचा होता ना?" मी म्हटले, "थांब गं, माणूस चंद्रावर उतरतोय."

ते पत्र होते सोमवार, २१ जुलै १९६९ चे. कागद पिवळा पडून पापडासारखा झालेला. पहिल्या पानाच्या खालच्या अंगाला कोणी कात्रीने एक चौकोनी तुकडा व्यवस्थित कापून घेतलेला, आणि कडेच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने काहीतरी गिरवलेले. त्या खिडकीबद्दल आणि त्या गिरवण्याबद्दल शेवटी सांगेन. आधी मोठ्या बातम्यांचा मान.

सगळ्यांत मोठा मथळा अर्थातच चंद्राचा. आपल्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्रीनंतर १ वाजून ४७ मिनिटांनी अमेरिकेचे यान चंद्रावर टेकले होते. ज्या जागी टेकले तिचे नाव 'शांतीचा सागर', आणि तिथे पाण्याचा थेंब नाही. नाव सागर आणि आत खडखडाट, हे आम्हांला नवे नव्हते. आमच्या वाड्यातला हौदही तसाच होता. पण गंमत अशी की, पत्र छापले गेले तेव्हा यान उतरले होते, माणूस मात्र अजून आतच होता. आधी चार तास विश्रांती घ्यायची आणि मग दार उघडायचे, असा बेत होता. आता मला सांगा, चंद्राच्या अंगणात जाऊन पोहोचल्यावर कोणाला झोप येईल? त्या दोघांनी विश्रांती गुंडाळून ठेवली आणि आपल्याकडे सकाळी ८ वाजून २६ मिनिटे झाली असताना आर्मस्ट्राँगने पाऊल खाली टाकले. म्हणजे पत्र आमच्या हातात पडून, चहा होऊन, ते शिळे व्हायला सुरुवातही झाली होती. ठरल्या वेळेच्या आधी येऊन यजमानिणीची धांदल उडवणारे पाहुणे असतात, त्यांतलेच हे.

मी तेव्हा वीस वर्षांची, लग्न होऊन दोन महिने झालेली. पुण्यातला आमचा वाडा, वर-खाली मिळून अकरा बिऱ्हाडे. दूरदर्शन तेव्हा मुंबईलासुद्धा आले नव्हते, ते आले १९७२ साली. घरमालक काकांचा रेडिओ तेवढा होता, आणि त्यांनी तो औदार्याने ओट्यावर आणून ठेवला होता. खरखर इतकी, की आवाज चंद्रावरून येतोय की काकांच्या घशातून, ते कळेना. पुरुषमंडळी ओट्यावर, मुले पायरीवर आणि आम्ही बायका दाराआड. माणसाने चंद्रावर पाऊल ठेवले त्या क्षणी मी पोळी लाटत होते. ह्यांचा डबा साडेआठला लागे. ओट्यावर टाळ्या वाजल्या, मी लाटणे हातात घेऊन धावले आणि तव्यावरची पोळी करपली. मानवजातीच्या त्या मोठ्या क्षणाची माझ्याजवळची आठवण म्हणजे ती करपलेली पोळी. ती मीच खाल्ली, हे आपणां सर्वांना सांगायला नकोच.

एक मुलगा चंद्र बघायला अंगणात पळाला. पण चंद्र होता कुठे? आषाढातली ती सप्तमी-अष्टमीची तिथी. तसला अर्धा चंद्र दुपारी उगवतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. यान उतरले तेव्हा तो आपल्याकडे मावळून गेला होता, आणि पाऊल पडले तेव्हा उगवायचा होता. उगवला असता तरी पावसाळी ढगांतून दिसला नसता. मुलगा रडवेला होऊन परत आला आणि म्हणाला, "चंद्र त्यांनी नेला."

सासूबाईंचे लक्ष निम्मे पंढरपुराकडे. आषाढी एकादशी चारपाच दिवसांवर, पालख्या वाटेवर. त्यांनी काकांना विचारले, "चंद्र केवढा लांब?" काका म्हणाले, "पावणेचार लाख किलोमीटरांच्या वर." "आणि निघाले कधी?" "बुधवारी." त्यांनी बोटांवर हिशेब केला. "आळंदीहून विठोबाला पोचायला पंधरा दिवसांवर लागतात, आणि चंद्राला चार! बरं, तिथे पोचल्यावर भेटतं कोण?" काकांनी रेडिओचा कान पिळला. त्याला उत्तर नव्हते.

त्या तिघांतला तिसरा, मायकेल कॉलिन्स, तो तर मला आपल्यातलाच वाटला. दोघे खाली उतरून दगडमाती वेचत होते, आणि हा एकटा वर यानात चंद्राभोवती घिरट्या घालत बसला होता. चंद्राच्या मागे गेला की पृथ्वीशी बोलणेही बंद. एवढ्या लांब जाऊन त्याचा पाय काही चंद्राला लागला नाही. घरात कार्य असावे, सगळे मांडवात असावेत आणि एका सुनेला "तू जरा दुधाकडे बघ" म्हणून चुलीपाशी ठेवावे, तसे त्याचे झाले. मात्र दुधाकडे तो नीट बघत होता म्हणून दोघे परत आले, हे विसरू नये. आल्यावर तिघांनाही वेगळे कोंडून ठेवले. चंद्रावरचा एखादा रोग आला असेल तर पसरू नये म्हणून एकवीस दिवसांचा नेम होता. सासूबाईंना त्या सबंध मोहिमेत एवढी एकच गोष्ट मनापासून पटली. "बाहेरून आल्यावर सगळ्यांत कालवायचं नाही, एवढं तरी त्यांना कळतं," असे त्या म्हणाल्या.

आता बाकीच्या बातम्या. हंगामी राष्ट्रपती गिरी यांनी रविवारी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी सरन्यायाधीश हिदायतुल्ला आले. राष्ट्रपती झाकीर हुसेन मे महिन्यात वारले होते, म्हणून गिरी हंगामी. आता हिदायतुल्ला हंगामीचे हंगामी. गिरी राजीनामा देऊन घरी बसले नाहीत, निवडणुकीला उभे राहिले आणि ऑगस्टमध्ये पक्के राष्ट्रपती होऊन त्याच खुर्चीत परत आले. आमच्या वाड्यात ह्याला 'रुमाल टाकून जागा धरणे' म्हणत.

फ्रान्समधली चार हजार किलोमीटरांहून लांब सायकलशर्यत त्या रविवारी संपली आणि बेल्जियमचा एडी मर्क्स ती पहिल्यांदा जिंकला. हे रोज सायकलवरून कचेरीला जात, तेव्हा ही बातमी त्यांनी मला दोनदा वाचून दाखवली. मी म्हटले, "त्याच्या मागे दळणाचा डबा होता का?" बातमी तिसऱ्यांदा वाचली गेली नाही.

त्याच आठवड्यात मध्य अमेरिकेतले होन्डुरास आणि एल साल्वादोर हे दोन देश चार दिवस लढून थांबले होते. जगाने त्याला नाव दिले 'फुटबॉलचे युद्ध', कारण आधी त्यांच्या फुटबॉलच्या सामन्यांत मारामाऱ्या झाल्या होत्या. पण नळावर भांडलेली कोणतीही बाई सांगेल की, भांडण हंड्यावरून पेटले तरी ते हंड्याचे नसते. एल साल्वादोरचे हजारो शेतकरी पोटासाठी होन्डुरासमध्ये जाऊन राहिले होते, त्यांना तिथल्या जमिनींवरून हुसकावले जात होते. मूळ दुखणे जमिनीचे. फुटबॉल हा नुसता हंडा.

आणि उरली शनिवारपासून गाजत असलेली बातमी. १९ जुलैच्या रात्री पंतप्रधान इंदिरा गांधींनी आकाशवाणीवरून सांगितले की, देशातल्या चौदा मोठ्या बँका सरकारने घेतल्या. ज्यांच्या ठेवी पन्नास कोटींच्या वर, अशा चौदा. त्यांत आपली पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती. त्या वटहुकुमावर सही गिरींची, राजीनाम्याच्या आदल्या दिवशीची. ह्या पहिल्या पानावर मी बायकांची नावे शोधली. एकच सापडले, आणि तिने चौदा बँका घेतल्या होत्या! शिवाय चंद्रावर त्र्याहत्तर देशांच्या प्रमुखांचे संदेश कोरलेली नाण्याएवढी चकती ठेवली, तीत इंदिराबाईंचाही संदेश होता. म्हणजे एका आठवड्यात बँकाही आणि चंद्रही. आम्हांला मात्र दळण आणायला जायचे तरी दोनदा विचारावे लागे.

त्या सकाळी सासूबाईंनी दोन प्रश्न विचारले होते. दोन्हींना ओट्यावर हशा पिकला होता.

पहिला प्रश्न चंद्राचा. पत्रात त्या तिघांचे निघण्यापूर्वी काढलेले छायाचित्र होते, तो फुगीर पांढरा पोशाख घातलेले. सासूबाई हातमशीनवर शिवणकाम करीत. अख्ख्या पेठेची झबली, परकर-पोलकी त्यांच्या हातून जात. त्यांनी चित्र डोळ्यांजवळ नेले आणि विचारले, "हा अंगरखा शिवला कोणी?" सगळे हसले. "अहो, तो काय शिंप्याकडे टाकलाय? शास्त्रज्ञांनी केलाय तो."

मैत्रिणींनो, ह्या प्रश्नाचे उत्तर मला फार वर्षांनी वाचायला मिळाले, आणि तेव्हा सासूबाई नव्हत्या. तो पोशाख शिवला होता शिवणकाम करणाऱ्या बायकांनी! अमेरिकेत डोव्हर नावाच्या गावी, स्त्रियांची अंतर्वस्त्रे बनवण्यात नाव कमावलेल्या कंपनीच्या कारखान्यात. एकावर एक एकवीस थर, शिलाई मशीनवर घातलेली टीप, आणि केसभर चूक चालायची नाही, कारण टीप उसवली तर आतला माणूस गेला. टाचणी तर अशी वैरीण, की एखादी थरांत राहून गेली नाही ना, हे बघायला क्ष-किरणांनी पोशाख तपासत. आपल्या शिवणवर्गात गेल्या साली एका पोलक्यात टाचणी राहिली आणि कोण ओरडले, ते मी सांगत नाही. त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

आणखी ऐका. यानातल्या गणकयंत्राला जे पाठ असायला हवे होते, ते तारांनी विणलेले होते. चिमुकल्या कड्यांमधून तार ओवली तर एक, बाहेरून नेली तर शून्य, असे हजारो वेळा. मॅसॅच्युसेट्समधल्या एका कारखान्यात बायका समोरासमोर बसून, सुईने ही तार एकमेकींकडे देत ते विणीत. तिथले इंजिनियर त्याला गमतीने 'म्हाताऱ्या बायकांची स्मृती' म्हणत. आणि त्या गणकयंत्राने काय करायचे ते लिहून देणाऱ्या मंडळींची प्रमुखही एक बाईच, मार्गारेट हॅमिल्टन. माझ्या ट्रंकेतल्या पत्रात ह्यांतल्या एकीचेही नाव नाही. पाऊल कोणी टाकले ते मथळ्यात आले. बूट कोणी शिवले, हा प्रश्न पुण्यातल्या एका म्हातारीने विचारला आणि लोक हसले.

दुसरा प्रश्न बँकेचा. त्यांनी विचारले, "बँका सरकारने घेतल्या, तर माझे पैसे आता कोणाचे?"

पुन्हा हशा. "आई, माणूस चंद्रावर चालतोय आणि तुम्हांला पैशांचं पडलंय!" हे म्हणणारे आमचे हेच. ते आज शेवटच्या रांगेत बसले आहेत. त्यांना विचारूनच पुढचे सांगते.

सासूबाई हसल्या नाहीत. मंगळवारी हे कचेरीला गेल्यावर त्यांनी मला म्हटले, "चल गं, माझ्याबरोबर." नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन त्या बँकेत गेल्या आणि कारकुनापुढे पुस्तक ठेवले. आठ वर्षे शिवणाचे पैसे त्या मुलाजवळ देत आल्या होत्या आणि तो ते भरत आला होता. त्यांच्या हिशेबाने सहाशे चाळीस रुपये झाले होते. कारकून भला होता. पुस्तक उघडून म्हणाला, "आजीबाई, हे खातं तुमचं नाही, तुमच्या मुलाच्या नावावर आहे. आणि ह्यात बावीस रुपये आहेत."

त्या काही बोलल्या नाहीत. वाटेतही नाही. सरकारने पैसे घेतले की काय ह्या भीतीने आम्ही गेलो होतो. सरकारने एक पैसाही घेतला नव्हता.

संध्याकाळी हे आले. त्यांनी खाली मान घालून सांगितले, "लग्नाला कमी पडत होते. सांगायचं राहून गेलं." लग्न म्हणजे माझेच! मांडव, जेवणावळ, माझ्या गळ्यातले दोन मणी, सगळे त्या हातमशीनच्या चाकावरून आले होते आणि ते ना मला ठाऊक, ना जिचे पैसे तिला. मला वाटले, जमीन दुभंगावी. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू रडू नकोस. तुझ्यासाठी गेले त्याचं वाईट नाही." मग ह्यांना म्हणाल्या, "मागायचे होतेस. मी दिले असते."

इतकेच बोलल्या. पण त्यानंतरच्या आठवड्यात त्या पुन्हा बँकेत गेल्या आणि स्वतःच्या नावाचे खाते उघडले. ह्यांनी दरमहा पंचवीस रुपये त्यात भरून दोन वर्षांहून थोड्या अधिक काळात सगळी रक्कम परत केली. एकही महिना चुकला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. न्यायालयाने १० फेब्रुवारी १९७० ला तो बँकांचा कायदा रद्द ठरवला, तेव्हा सासूबाई पुन्हा पदर खोचून निघाल्या होत्या. चार दिवसांत नवा वटहुकूम निघाला आणि त्या पायरीवरून परत फिरल्या.

आता ती खिडकी आणि ते गिरवणे. कडेला पेन्सिलीने काय लिहिले आहे, ते मी चष्मा पुसून पाहिले. मला आधी वाटले, पोरांनी रेघोट्या मारल्या असतील. ते सासूबाईंचे नाव होते. स्वतःचे, नवऱ्याचे आणि आडनाव. चंद्राच्या मथळ्याला लागून, वरपासून खालपर्यंत अकरा वेळा. पहिली तीन वाकडी, मधली बरी, शेवटचे अगदी टपोरे. बँकेत सही करायची होती, तिचा सराव. वाचता येत होते, पण लग्नानंतर पोथीपलीकडे त्यांचा संबंध नव्हता, आणि स्वतःचे नाव लिहायची तर त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

आणि कापलेला तुकडा? तो मला ट्रंकेच्या कप्प्यात, त्यांच्या जुन्या बँकपुस्तकात घडी घालून ठेवलेला मिळाला. ठेवीदारांनी काळजी करू नये, त्यांच्या ठेवी सुरक्षित आहेत, अशा अर्थाची चार ओळींची बातमी. जगातल्या सगळ्या माणसांनी त्या दिवशीचा चंद्र कापून जपून ठेवला असेल. आमच्या सासूबाईंनी चंद्र ट्रंकेच्या तळाशी घातला, त्यावर लुगडे ठेवले आणि त्या चार ओळी जपल्या.

२३ ऑगस्ट २०२३ ला आपले चंद्रयान संध्याकाळी उतरले, तेव्हा आपण सगळ्या ह्याच सभागृहात टीव्हीपुढे बसलो होतो. ह्या वेळी मी दाराआड नव्हते, पहिल्या रांगेत होते. यान उतरल्यावर मोहिमेच्या सहयोगी प्रकल्प संचालक कल्पना के. ध्वनिक्षेपकावर बोलल्या आणि आपण टाळ्या वाजवल्या. मला एकदम सासूबाई आठवल्या. त्यांच्या पहिल्या प्रश्नाला निदान आता उत्तर मिळू लागले आहे. यान कोणी केले, त्यातल्या बाईचे नाव ऐकू येते, चेहरा दिसतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र वर्तमानपत्रात येणार नाही, ते आपल्या कपाटात आहे. आपण भिशी लावतो, पापड लाटतो, शिवणवर्गात परकर शिवतो. ते पैसे कोणत्या पुस्तकात जातात, आणि त्या पुस्तकावर नाव कोणाचे आहे, एवढे आज घरी गेल्यावर उघडून पाहा. भांडायला मी सांगत नाही. आमचे भांडण झाले नव्हते. विचारा मात्र. घरची माणसे हसली तर हसू द्या.

ते पत्र मी पुन्हा ट्रंकेत अंथरले नाही. काच लावून भिंतीवर टांगले आहे. येणारे म्हणतात, "वा, चंद्राची बातमी जपलीत!" मी म्हणते, "हो ना. कडेला काय लिहिलंय तेही वाचा."